लोकर दामाची, नमुना फुकटचा

विणणाऱ्या बाईचा पारा चढवायचा असेल तर तिला एवढंच म्हणावं, "किती गोड झालंय गं! मलाही एक करून दे ना. लोकरीचे पैसे देईन हं मी." यातलं 'हं मी' फार उदारपणे उच्चारलेलं असतं. पन्नास तास मान मोडून विणायचं हिने, आणि समोरची मोठ्या मनाने देणार काय, तर लोकरीचे पैसे. त्या रात्री हा किस्सा नवऱ्याला सांगून होतो, बहिणीला फोन होतो, मैत्रिणींना वेगळा रंगवून सांगितला जातो. कष्टाची किंमतच नाही लोकांना, म्हणते ती. अगदी खरं आहे. मग पाय वर घेऊन ती मोबाइल उघडते आणि शोधायला लागते: कार्डिगन, गोल गळा, जाळीची वीण, पॅटर्न फ्री.

आज खबर घ्यायची आहे ती हिची. मीही सुया बाळगून असणारी बाई आहे, तेव्हा घरचाच आहेर समजा.

आधी हिच्या कपाटाची झडती. वरच्या खणात भाचीबरोबर परदेशातून मागवलेली मेरिनो लोकर. हाताने रंगवलेली, शंभर ग्रॅमची लडी, एकेकीला पंचवीस-तीस डॉलर. एका स्वेटरला अशा चार-पाच लागतात. आणखी दोन जास्तीच्या घेतल्या आहेत, रंग पुन्हा मिळाला नाही तर काय घ्या. त्याखाली बांबूच्या सुया, स्टीलच्या सुया, पॉलिश केलेल्या लाकडाच्या सुया, कारण बांबूवर टाका अडकतो, स्टीलवरून निसटतो आणि लाकडावर फोटो चांगला येतो. टाक्यांत अडकवायच्या खुणेच्या रिंगा, त्याही मेंढीच्या आकाराच्या. हा संसार ठेवायला कलमकारीची पिशवी. म्हणजे मेंढीवाल्याला पैसे मिळाले, रंगाऱ्याला मिळाले, सुई तासणाऱ्याला मिळाले, पिशवी शिवणारीला मिळाले, विमान कंपनीने जास्तीच्या वजनाचे घेतले ते वेगळेच. आता एवढ्या सामानाचं करायचं काय, हे जी सांगणार तिने सात डॉलर मागितले, तर ही किंचाळते: "काय? चार पानांचे सहाशे रुपये?"

हौसेला मोल नसतं म्हणतात. नमुना काढणारीच्या बाबतीत आपण ते अक्षरशः पाळतो.

तर ती चार पानं. समजा दहा सेंटिमीटरला बावीस टाके बसतात आणि छातीचं माप शंभर सेंटिमीटर आहे. २२० टाके घाला, संपलं, असं वाटतं. पण डिझायनरने अंगावर जाळीची पानं घातली आहेत आणि एक पान बारा टाक्यांत बसतं. २२० ला बाराने भाग जात नाही. २१६ घ्यावेत तर अंग ९८ सेंटिमीटर होतं, २२८ घ्यावेत तर जवळजवळ १०४. कुणाला आवळायचं आणि कुणाला घोळ द्यायचा ते ठरवा. हे झालं एका मापाचं. हल्ली नऊ-दहा मापं द्यावी लागतात, तीस इंचांपासून साठ इंचांपर्यंत, आणि द्यायलाच हवीत. जाड बाईला थंडी वाजत नाही असं आजवरची पुस्तकं धरून चालत होती. पण छाती दुप्पट झाली म्हणून खांदे दुप्पट होत नाहीत. दंड वेगळ्या हिशेबाने वाढतो, काखेची खोली तिसऱ्याच, आणि मनगट तर जवळजवळ वाढतच नाही. प्रत्येक मापाला उत्तर पूर्णांकात यायला हवं, कारण पाऊण टाका विणणारी बाई अजून जन्माला यायची आहे. शिवाय जाळीचं पान काखेच्या घटीत अर्धं कापलं जायला नको आणि गळ्यापाशी दोन्ही बाजूंना सारखं पडायला हवं.

हा हिशेब जुळला की सगळं एका जाणकार बाईकडे तपासायला जातं. तिला टेक एडिटर म्हणतात आणि ती तासावर पैसे घेते. चुकलेल्या बेरजेने एखादीच्या दोन महिन्यांच्या विणकामाची माती होऊ शकते, म्हणून ती घेते ते योग्यच. पुढे पाच-दहा जणी तो स्वेटर विणून पाहतात. मग आकृत्या, फोटो, मांडणी. आणि नमुना विक्रीला आला की दुसऱ्या दिवसापासून पत्रं सुरू: ताई, माझ्याकडे ही लोकर नाही, जरा जाड आहे, सुई पण एक नंबर मोठी आहे, बाह्या मला नकोत आणि पुढून उघडा हवा आहे, बाकी सगळं तुमच्याप्रमाणेच करणार आहे, तर कसं करू? या उत्तराचे पैसे नसतात.

दोनशे जणींनी तो नमुना घेतला असं धरू. चौदाशे डॉलर झाले. विकून देणाऱ्या संकेतस्थळाचं शुल्क, पैसे पोचवणाऱ्याचं शुल्क, तपासनीस बाई, नमुन्याच्या स्वेटरची लोकर आणि फोटो एवढं वजा करा. उरेल त्याला दोन-तीन महिन्यांच्या तासांनी भागा. येणारा आकडा अमेरिकेतल्या बर्गरच्या दुकानात काउंटरवर उभ्या असलेल्या पोराला सांगू नका, उगाच हसेल. आणि दोनशे हा मी हात सैल सोडून धरलेला आकडा आहे. २००७ मध्ये सुरू झालेल्या रॅव्हलरी या विणकरांच्या भल्यामोठ्या बाजारात नमुन्यांचे ढीग आहेत. गर्दी असते ती मोजक्या नावांच्या दुकानासमोर. बाकीच्या जणी नवऱ्याच्या पगारावर उद्योजिका असतात.

यावर ठरलेलं उत्तर येतं. आमच्या आईने कधी पॅटर्न विकत घेतला नाही.

नाहीच घेतला. आईने लोकलच्या लेडीज डब्यात समोरच्या बाईच्या पाठीवरची वीण दादर ते ठाणे एवढ्या वेळात डोळ्यांनी उतरवून घेतली. फार तर "अहो, जरा वळता का?" एवढं विचारलं. तिची वही होती. तीत बाळंतविड्याच्या टोपड्याची कृती, मोज्यांची कृती, 'दोन सुलट, दोन उलट, दोनांचा एक' असल्या फक्त तिलाच कळणाऱ्या ओळी, मधेच दुधाचा हिशेब, मासिकातून कापून खळीने चिकटवलेला एक पुलोव्हर. जावेने नणंदेला दिलं, नणंदेने शेजारणीला. कुणी पैसे मागितले नाहीत आणि मागितले असते तर तिला वेड्यात काढलं असतं. व्यवहार मात्र चोख होता. आज तू मला गळ्याची घट समजावलीस, उद्या मी तुला मोज्याची टाच वळवून देते. शिवाय समोरच्या बाईच्या पाठीवर नऊ मापं, आकृत्या आणि शंकानिरसन छापलेलं नव्हतं. पाठीवरून मिळाली ती फक्त वीण. टाके किती घालायचे, कुठे घटवायचे, बाळाचं डोकं त्यातून जाईल की नाही, हे गणित आईने स्वतः केलं, चुकलं तेव्हा उसवलं. तिचा दाखला देऊन जी फुकटचा नमुना मागते तिला यातलं काही करायचं नाही. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या आहेत, आणि वर पीठ जाडसर का दळलं म्हणून तक्रार.

वीण कुणाच्या बापाची नसते हे मला मान्य आहे. वेणी, मोत्यांची वीण, लाटांची जाळी, यांच्यावर कुणी हक्क सांगितला तर त्याला घरी पाठवावं. पण ज्यांच्या हातांतून या जाळ्या आल्या त्यांना काय मिळालं, ते बघायला जरा शेटलंडला जाऊन येऊ.

स्कॉटलंडच्या उत्तरेला बेटांचा हा पुंजका. पुरुष समुद्रावर, बायका शेतावर, आणि चालता-बोलता, पाठीवर ओझं घेऊनही हातात सुया. त्यातल्या अन्स्ट बेटावरच्या बायका अशी तलम शाल विणत की अख्खी शाल लग्नाच्या अंगठीतून आरपार निघे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात विलायतेतल्या मडमांनी ही जाळी डोक्यावर घेतली, अंगावरही घेतली. विणणारीला काय मिळालं? चहा. खरंच चहा. तिथल्या लर्विक गावचा व्यापारी शालीचे रोख पैसे सहसा देत नसे. दुकानातला चहा, सुती कापड, असलं काहीबाही देई, नाही तर तेवढ्या मालाची चिठ्ठी. घरात पीठ नाही आणि हातात चहाची पुडी. मग ती पुडी घेऊन बाई फिरायची, कुणी चहाच्या बदल्यात पीठ देतं का बघत. १८७२ मध्ये सरकारने याची चौकशी बसवली. बायकांनी एकामागून एक साक्षी दिल्या, त्या जाडजूड सरकारी अहवालात छापल्या आहेत. व्यापाऱ्यांची बाजूही आहे त्यात: रोख द्यायची तर शालीचा भाव उतरवावा लागेल, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे शालीला भाव होता. फक्त तो चहात मोजायचा होता आणि चहाचा भाव ठरवणार दुकानदार.

दीडशे वर्षांत पुडीवरचं नाव तेवढं बदललं. आता तिच्यावर एक्स्पोजर असं छापलेलं असतं. पैसे नाहीत देता येणार, पण तुमचं नाव होईल, तुम्हाला फॉलोअर मिळतील, आमच्या अंकात फोटो येईल, आम्ही तुम्हाला टॅग करू. घेऊन बघा ही पुडी आणि जा कोपऱ्यावरच्या वाण्याकडे. शेटलंडच्या चहाला निदान गिऱ्हाईक होतं.

आता खऱ्या फुकटाबद्दल. फुकट नमुना ही गोष्ट काही इंटरनेटने आणलेली नाही. एडिंबरामध्ये जेन गॉगेन नावाच्या बाईंचं लोकरीचं दुकान होतं. त्यांनी १८४० मध्ये विणकामाचं पुस्तक काढलं. नमुना वाचला की लोकर हवीशी वाटणार, आणि लोकर समोरच्याच फळीवर. पुढे लोकरीच्या गिरण्यांनी हीच युक्ती उचलली आणि नमुन्यांची पत्रकं किरकोळ किमतीला वाटली, कधी गुंड्याबरोबर अशीच दिली. आज नॉर्वेची ड्रॉप्स ही लोकर कंपनी हजारो नमुने फुकट देते, वेगवेगळ्या भाषांत, मापांसकट, आणि चांगले देते. त्यांच्या डिझायनरना पगार मिळतो आणि तो पगार लोकरीच्या किमतीत विणलेला असतो. यात काही पाप नाही. गंमत पुढे आहे. आपली बाई नमुना त्यांचा घेते, लोकर तुळशीबागेतून स्वस्तातली घेते, आणि मग घरातल्या जेवणाच्या टेबलावर एकटीने काम करणाऱ्या डिझायनरला विचारते, "ते देतात की फुकट! तुलाच काय होतंय?" अगं, तिच्याकडे मेंढ्या नाहीत.

'निटी'चा मार्ग तिसरा. एमी सिंगर यांनी २००२ मध्ये कॅनडातून हे ऑनलाइन मासिक सुरू केलं. वाचणाऱ्याला सगळे नमुने फुकट, डिझायनरला मासिकाकडून पैसे, मासिकाला जाहिरातींचे पैसे आणि पुढे वाचकांचा हातभार. म्हणजे इथेही कुणीतरी खिशात हात घालत होतंच, तो खिसा फक्त तुमचा नव्हता. या मासिकात २००४ मध्ये केट गिल्बर्ट या बाईंची 'क्लापोती' नावाची शाल आली. तिरकी विणायची, आणि मधूनमधून एकेक टाका मुद्दाम सोडून पार खालपर्यंत उसवत न्यायचा. जन्मभर टाका निसटू नये म्हणून जीव टाकणाऱ्या बायकांना अधिकृतपणे टाके सोडायची परवानगी मिळाली आणि त्या नुसत्या तुटून पडल्या. वीस हजारांवर बायकांनी ती शाल विणल्याची नोंद रॅव्हलरीवर आहे. नोंद न करणाऱ्या किती, देव जाणे. आता त्या गिल्बर्टबाईंनी पुढे काय केलं ते बघा. २००८ मध्ये त्यांनी 'ट्विस्ट कलेक्टिव्ह' नावाचं स्वतःचं मासिक काढलं. मासिक चाळायला फुकट. नमुने मात्र एकेक विकत, आणि प्रत्येक विक्रीत डिझायनरचा वाटा. विणकामातल्या सर्वांत गाजलेल्या फुकट नमुन्यांपैकी एक जिच्या नावावर आहे, तिने दुकान टाकलं ते असं. हजारो जणींनी वाहवा केल्यावर तिला काय कळलं असेल, याचा अंदाज आपण बांधू शकतो.

एलिझाबेथ झिमरमन तर माझी लाडकी बाई. जन्म १९१० चा, इंग्लंडमधला, पुढे आयुष्य अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये. या बाईला सपाट तुकडे विणून शिवण घालायचा मनस्वी कंटाळा. ती गोल सुईवर स्वेटर एकसंध विणायची. तिची कृती छापणाऱ्यांनी मात्र ती परस्पर बदलून सपाट करून टाकली, बायकांना गोल विणलेलं कळायचं नाही म्हणून. बाई भडकली आणि १९५८ मध्ये तिने स्वतःचं वार्तापत्र काढलं. पुढे स्वतःचं प्रकाशन, स्कूलहाउस प्रेस. म्हणजे मधला दुकानदारच काढून टाकला. हीच बाई सगळ्यांना सांगत असे की माझ्या नमुन्यावर अवलंबून राहू नका, डोकं चालवा. तिने एक सोपं कोष्टकच देऊन टाकलं. अंगाचे टाके म्हणजे शंभर टक्के. त्याच्या वीस टक्के मनगटाला, साधारण तेहेतीस ते पस्तीस टक्के दंडाला, चाळीसच्या आसपास गळ्याला. एवढं ज्याला जमलं त्याला गोल गळ्याच्या स्वेटरसाठी जन्मात नमुना विकत घ्यायला नको.

आणि तरीही तिने काढलेलं बाळाचं 'सरप्राइज जॅकेट' विकत घ्यावं लागतं. १९६८ ची रचना. विणताना हातात एक वेडावाकडा, कशाशीच संबंध नसलेला चौकटीसारखा तुकडा वाढत राहतो. पाहुणे विचारतात काय आहे हे, आणि विणणारी म्हणते, मलाही माहीत नाही. शेवटचा टाका बंद केला, तुकडा दोनदा दुमडला, खांद्यावर दोन शिवणी घातल्या, की समोर बाह्या, गळा आणि बटणपट्टीसकट बाळाचं जॅकेट. हे कुठल्या कोष्टकातून निघत नाही. हे बाईच्या डोक्यातून निघालं. पन्नासेक वर्षं बायका ते विणताहेत आणि तितकीच वर्षं बायका विचारताहेत की त्याची कृती कुणाकडे आहे का, असेल तर जरा फोटो काढून पाठवा.

पाठवणारीही असतेच. "माझ्याकडे आहे, थांब, पाठवते." काय ते दातृत्व! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्यात आपला हात कुणी धरणार नाही. एकीने विकत घेतलेली पीडीएफ संध्याकाळपर्यंत चाळीस जणींच्या फोनमध्ये, आणि खाली चाळीस जोडलेले हात, शिवाय 'तुझ्यासारखी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं'. भाग्य डिझायनरला लाभलं असतं तर बरं झालं असतं. कायदा विचाराल तर साधा आहे. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा लिहिलेला मजकूर, काढलेली आकृती आणि घेतलेला फोटो यांना संरक्षण देतो. लेखी मजकुराला लेखकाच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं. सुलट टाका कुणाचा नसतो, पण सुलट टाक्यांबद्दल लिहिलेली चार पानं कुणाची तरी असतात. अर्थात चाळीस फोन जप्त करायला पोलीस येणार नाहीत हे सगळ्यांनाच ठाऊक आहे, आणि आपल्याकडे कायद्याचा अभ्यास तिथेच संपतो.

बरं, डिझायनर मंडळी काही धुतल्या तांदळाची नाहीत. सरळ सुलट विणीचा, कडेने काही नाही, चौकोनी मफलर, आणि त्याचा नमुना सहा डॉलरला? हे पैसे विणीचे नसून गळ्यात मफलर गुंडाळून कोपनहेगनच्या खिडकीत उभ्या असलेल्या गोऱ्या मुलीच्या फोटोचे आहेत, आणि फोटो मला विणायचा नाहीये. काहींचे नमुने तपासलेलेच नसतात. चाळिसाव्या ओळीला टाके जुळेनासे झाले की दुरुस्तीपत्रक कुठे आहे ते शोधत बसा.

आणि त्या विणून पाहणाऱ्या पाच-दहा जणी आठवताहेत? टेस्ट निटर. लोकर त्यांची, सुया त्यांच्या, चाळीस-पन्नास तास त्यांचे, चुका शोधून द्यायच्या त्यांनी, ठरलेल्या तारखेच्या आत फोटो काढून टाकायचा त्यांनी. मोबदला? बहुतेक ठिकाणी तो नमुना फुकट. कधी पुढचा एखादा. आपल्या कष्टाचा योग्य दाम मागणारी डिझायनर दुसऱ्या बाईच्या पन्नास तासांची किंमत सात डॉलर लावते, आणि ती बाई आनंदाने हो म्हणते, कारण तिचं नाव शेवटच्या पानावर आभारात येतं. लर्विकच्या चहावाल्याला हे ऐकून गहिवरून आलं असतं. काही डिझायनर हल्ली यांना रोख देऊ लागल्या आहेत, निदान लोकर तरी पुरवतात. त्यांचा नमुना डॉलरभर महाग असेल तर तो घ्यावा, असं माझं मत.

पुरुषांचा या सगळ्याशी संबंध नाही असं समजू नका. ज्यांनी घरातल्या फर्निचरसाठी सुताराला डिझाइनचे वेगळे पैसे दिले, तेच बायकोला विचारतात, "नेटवर असतं की गं सगळं. विकत काय घ्यायचंय त्यात?" त्यांना चारशे रुपयांचं सिनेमाचं तिकीट दोन तासांत संपतं हे चालतं. हिचा सहाशेचा नमुना महिनाभर रोज संध्याकाळी पुरतो आणि वर एक स्वेटर देऊन जातो, हा हिशेब सांगून पाहावा. मी पाहिला आहे. "पण स्वेटर घालायचा कुठे पुण्यात?" असं उत्तर येतं.

आणि आता तर यंत्रंही नमुने काढायला बसली आहेत. २०१८ मध्ये जनेल शेन नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी हजारो विणकामाचे नमुने संगणकाला वाचायला दिले आणि सांगितलं, आता तू लिही. स्कायनिट असं त्या प्रकाराचं नाव. त्याने धडाधड लिहिले. ओळी मोजल्या तर टाके जुळत नव्हते, कुठे वाढच वाढ होत गेली, कुठे सगळं आवळून आलं. विणकरणींनी ते हौसेने विणले आणि हातात आली ती शेपट्या-सोंडा फुटलेली, कुठल्याच प्राण्याची नसलेली प्रजा. पोट धरून हसल्या सगळ्या. तेव्हा गंमत होती. आता कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेलं गोजिरवाण्या क्रोशाच्या हत्तीचं चित्र असतं, खाली दोन-तीन डॉलरला कृती असते, आणि ती कृती घेऊन बसलं की विसाव्या ओळीपर्यंत हत्तीचा बटाटा होतो. तो हत्ती कुणी कधी विणलेलाच नसतो. तपासनीस नाही, विणून पाहणारी नाही, साखळी आणि मुका खांब यांतला फरक कळणारं कुणीच नाही, शंका विचारायला पत्ता नाही. म्हणजे खऱ्या डिझायनरचा जो जो खर्च आपल्याला डोळ्यांत खुपत होता, तो सगळा वाचवून दाखवलाय. फसलेल्या बायका आता चिडून विचारताहेत की हे तपासून का नाही बघितलं कुणी.

काही शहाण्या डिझायनरांनी मध्यंतरी वेगळा प्रयोग सुरू केला. नमुना एकच, किमती तीन. ज्यांना सहज परवडतं त्यांनी वरची द्यावी, मध्यम असतील त्यांनी मधली, हात आखडता असेल त्यांनी खालची. कुणी पुरावा मागत नाही, आपली ऐपत आपणच ठरवायची. काहींनी आर्थिक ओढाताणीत असलेल्यांसाठी चौथी, शून्याची सोयही ठेवली, नुसतं कळवा म्हणाल्या. मला ही पद्धत आवडली आणि उत्साहाने मी ती आमच्या विणकामाच्या गटातल्या एका बाईंना सांगितली. बाई निवृत्त बँक अधिकारी, तीन बेडरूमचा फ्लॅट, मुलगा न्यू जर्सीत, सुया सगळ्या जर्मनीच्या. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. खालची किंमत किती ते विचारलं. मी सांगितली.

"बरं," त्या म्हणाल्या, "आणि त्यावर दिवाळीचं काही डिस्काउंट?"